कुणापोटी

कुलवृत्तांताचं प्रूफ मेलवर आलं. पान एकशे बारावर मी नव्हते. मेले असते तर निदान 'कैलासवासी' म्हणून छापलं असतं. 'श्रीरंग. पत्नी विनीता. विनीतापोटी कन्या शिवांगी.'

विनीता श्रीरंगच्या घरात आली ती २००३ साली, माझ्या घटस्फोटानंतर दोन वर्षांनी. तेव्हा शिवांगी दहा वर्षांची होती. बावीस तास कळा मी सोसल्या आणि पोट मात्र विनीताचं!

शिवांगी इथे अमेरिकेतच, स्टेट कॉलेज नावाच्या गावी पीएचडी करते. विषय काय, तर आठशे वर्षांपूर्वीच्या एका पोलिश ड्यूकची लग्नं आणि मुलं. आमच्या प्लेनोतल्या मराठी बायका विचारायच्या, यात जॉब कुठे मिळतो? मीही हसायचे. त्या ड्यूकची दुसरी बायको बड्या घरची, म्हणून वंशावळ लिहिणाऱ्या मठातल्या साधूंनी पहिलीची मुलगी दुसरीच्या नावावर लिहून टाकली. पुढे त्या मुलीनं सख्ख्या आईच्या नावानं जमीन दान दिली. दानाचा तो एक कागद हाताशी धरून शिवांगी तीन वर्षं भांडतेय.

वृत्तांत काढणारा गुरुनाथ श्रीरंगचा चुलतभाऊ, इकडेच बॉथेलला सॉफ्टवेअरमध्ये. आमच्या घरी सहा महिने राहून जेवलेला. लंच टायमात पार्किंगमधून मी त्याला फोन लावला, शिवांगीलाही लाइनवर घेतलं.

तो शांतपणे समजावत राहिला. घटस्फोट छापायची आपल्यात पद्धत नाही. दोन बायका वाचायला बरं दिसत नाही. पोरीला कोणीतरी आई दाखवायला तर हवी. "वहिनी, तुम्ही उगाच इमोशनल होताय."

वहिनी म्हणायची सवय सुटली नव्हती त्याची. छापताना मात्र बरोबर सुटली.

शिवांगी म्हणाली, "काका, त्या साधूंनी सेम हेच केलं. पण ते त्या पहिलीच्या हातचं जेवले नव्हते."

तो पुन्हा पद्धतीवर आला, तशी तिनं त्याला मध्येच तोडलं.

"मलाही काढा मग त्या पानावरून."

"अगं, मग श्रीरंगपुढे निःसंतान छापावं लागेल."

"छापा."

मग तिकडे कीबोर्ड वाजायला लागला.

"वहिनी, लग्नाचं साल सांगा. नाव सुवर्णाच ना?"

सुवर्णा हे नाव लग्नात सासरच्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहिलं होतं. मला कोणी विचारलं नव्हतं.

"रत्ना," मी माहेरचं नाव सांगितलं. "रत्नापोटी शिवांगी. टाइप करा भावजी, मी लाइनवर आहे."