बारदानाखालचा पारा

पत्रूजींच्या तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा असला की ते मान वर करून बोलतात, आणि खर्रा नसला की बोलतच नाहीत. म्हणजे नऊ वर्षांत मी त्यांच्याशी जे काही बोलले ते सगळं त्यांच्या खालच्या ओठाकडे बघत, त्यावरून रस आता गळेल की मग या धास्तीत. मला त्या माणसाची शिसारी आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून न्यायबुद्धीची अपेक्षा करणार नाही.

पत्रूजी आमच्या शाळेचे सचिव. त्यांचे कोळशाचे ट्रक चालतात. मी शिरीन, तिथे विज्ञान शिकवते. शाळा चंद्रपूरला ऊर्जानगरच्या रस्त्याला आहे आणि तिचं वसतिगृह पाऊण किलोमीटर अलीकडे, टिनाच्या छताचं. तिथे एटापल्लीकडच्या जंगलातल्या गावांमधल्या चाळीसेक मुली राहतात. शाळा अकरा ते पाच. मधली सुट्टी दोन वाजता. जेवण वसतिगृहातच शिजतं, म्हणून या मुली भर दोनला डांबरी रस्त्यानं जेवायला जायच्या आणि अडीचच्या घंटेला धापा टाकत परत यायच्या. पायांत रबरी चपला. एप्रिलची पंधरा तारीख उजाडल्याशिवाय सकाळची शाळा करायची नाही, असा संस्थेचा नियम होता. तो कुणी केला, कधी केला, विचारायची सोय नव्हती.

२००७च्या मार्चमध्ये आठवीतली दीपिका परत येताना रस्त्यात पडली. घोळणा फुटला होता. तिला उचलून आणलं तेव्हा तिचा पांढरा सदरा पोटापर्यंत लाल झाला होता आणि ती मलाच म्हणत होती, "मॅडम, घंटा झाली का?" त्या दिवशी मी ठरवलं की यंदा सकाळची शाळा लगेच, याच महिन्यात सुरू करून घ्यायची.

माझ्याजवळ पुरावा होता. मैदानात झडपांची एक पांढरी लाकडी पेटी उभी होती, चार पायांवर. आत साधा पाऱ्याचा तापमापी. रोज अडीचची घंटा झाली की मी मुलींना घेऊन तिथे जायचे, एक मुलगी वाचायची, दुसरी रजिस्टरात लिहायची. असं नऊ वर्षं. नऊ वर्षांवरून हवामान ठरत नाही, त्याला तीस वर्षांच्या नोंदी लागतात, हे मलाही ठाऊक होतं. पण पोरीचा घोळणा फुटायला काही तीस वर्षं लागत नाहीत. मी तक्ता केला, मार्चमध्ये पारा चाळिसावर गेला असे दिवस वर्षावर्षाला कसे वाढत गेले ते रंगीत खडूनं काढलं, आणि पालकसभेत मांडायला परवानगी मागितली.

परवानगी मिळाली. पत्रूजींना अशी सभा आवडते. त्या वर्षी पेपरात रोज काही ना काही छापून यायचं, पृथ्वी तापते आहे, कोळसा जाळल्यानं तापते आहे. ते वाचून पत्रूजी पिसाळले होते. कुणी नुसतं 'यंदा गरमी जास्त आहे' म्हटलं तरी त्यांना वाटायचं, हा आपल्या ट्रकवर बोलतो आहे.

सभा त्यांच्याच खोलीत, कूलरसमोर. तो कूलर फेब्रुवारी संपायच्या आत सुरू होतो. त्यात पाणी भरायचं काम बिरजूभाऊंचं. बिरजूभाऊ म्हणजे आमचे शिपाई, घंटाही तेच देतात. पन्नाशीचा, हाडकुळा, कमी बोलणारा माणूस. दहा-बारा पालक बाकांवर बसले होते. दीपिकाची आई कलाबाई गावाहून दोन बस बदलून आली होती आणि दाराशी जमिनीवर बसली होती. मी खुर्ची दिली तर नको म्हणाली.

मी तक्ता उघडला. चार वाक्यं बोलले असेन.

"थांबा," पत्रूजी म्हणाले. मान वर. "चंद्रपूर तपतेच. माह्या आज्याच्या जमान्यातबी तपे. तवा कुठी होते ट्रक?"

"साहेब, मी ट्रकबद्दल बोलतच नाही. मी दोन वाजताच्या उन्हाबद्दल…"

"अवो, हे सारं बाहेरच्या देशाचं नाटक आहे. आपला कोळसा बंद पाडाचा, आन् मंग त्याइचं सामान आपल्याले विकाचं. तुम्ही पेपर वाचता, अन् इथी येऊन आमच्या पोरींचे डोके फिरवता." मग कूलरकडे हात केला. "मले सांगा, इथी कोणाले गरम होऊन राह्यलं?"

पालक हसले. कूलरच्या गार झोतात बसून हसले. त्यांतल्या दोघांच्या मुली त्याच रस्त्यानं चालत यायच्या. मला माणसांच्या हसण्याचा इतका वीट कधी आला नव्हता.

"कलाबाईंना विचारा," मी म्हणाले. "त्यांची मुलगी पडली."

"या लोकाइच्या पोरी जंगलात दिवसभर मोह वेचते," पत्रूजी म्हणाले. "त्याइले ऊन लागते का? उपाशी आली असन." आणि मग जरा आवाज खाली आणून, आपुलकीनं, "मॅडम, तुमच्या लोकाइले बारा महिने काई ना काई तक्रार राह्यतेच."

तुमच्या लोकांना म्हणजे कुणाला, हे मी विचारलं नाही. हेडमास्तर खिडकीबाहेर बघू लागले. कलाबाई पदराचा काठ दुमडत बसली. माझे अब्बा बाबूभाई याच गावात चाळीस वर्षं कूलर बनवत होते, पत्रूजींच्या खोलीतला तो कूलरही त्यांच्याच हातचा होता. मला तो एका लाथेनं पाडावासा वाटला. मी काय केलं, तर तक्त्यावर बोट ठेवून म्हणाले, "आकडे बघा, साहेब. आकड्यांना जात नसते."

"चला तं मंग. दाखवा तुमची पेटी."

एक वाजला होता. त्या वेळी मी पेटीकडे कधीच जात नसे, माझा तास असायचा. आम्ही सगळे मैदानात आलो. पत्रूजींनी पेटीच्या पायाशी पिंक टाकली आणि मग त्यांनीच आधी पाहिलं.

पेटी ओल्या बारदानात गुंडाळलेली होती. वरून खालपर्यंत, बाळंतिणीला गुंडाळतात तशी. पाणी टपटपत होतं. बाजूला बादली, आणि बादलीजवळ बिरजूभाऊ, हातात मग.

तेच पहिले बोलले. "तपते ना, बाई. फुटन म्हणून."

हळूहळू सगळं बाहेर आलं. पहिल्याच वर्षी मे महिन्यात तापमापी फुटला होता. वावधनाच्या वादळी वाऱ्यात खिळ्यावरून पडला असणार. पण मी तेव्हा बिरजूभाऊंना सगळ्या शाळेदेखत बोलले होते की लक्ष ठेवायला काय होतं. त्यांनी समजून घेतलं ते असं, की पारा उन्हानं फुटतो. तेव्हापासून होळी झाली की रोज अकराला ते पेटीवर ओलं बारदान टाकायचे, दर अर्ध्या तासानं पाणी मारायचे आणि अडीचला बारदान काढून मग घंटा द्यायचे. घंटेनंतर मी यायचे; सुट्टीत मी खोलीबाहेर पडत नसे आणि मुलींना वाटायचं, बारदान मीच टाकायला सांगितलं आहे. पेटीखालची जमीन ओली दिसायची. मला वाटायचं, मुलींचे पाय पोळू नयेत म्हणून सडा टाकला असेल. ओल्या वाळ्याच्या ताट्यांमध्ये वाढलेली मी, कूलरवाल्याची पोरगी, नऊ वर्षं गार केलेल्या पेटीतला पारा वाचत होते.

पत्रूजी हसले. खर्रा तोंडात असताना हसतात ते. लाल थेंब त्यांच्या सदऱ्यावर उडाला तरी थांबले नाहीत. "नऊ वर्षांचे आकडे! बारदानाखालचे!"

"गाढव आहात का तुम्ही?" मी ओरडले. पत्रूजींवर नाही. बिरजूभाऊंवर. "मला विचारायचं तरी! माझी सगळी मेहनत मातीत घातली तुम्ही!" आणखीही बोलले. ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यांच्या हातातला मग तसाच होता आणि ते माझ्याकडे नाही, कलाबाईकडे बघत होते, बाईमाणसासमोर बोलणी खाल्ल्यावर पुरुष बघतो तसे.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. "पण साहेब, बारदानानं आकडे कमी आले! खरं ऊन याहून जास्त आहे!"

"म्हणजे आकडे खोटे, हे तुम्हीच म्हणून राह्यल्या."

"खोटे, पण उलटे खोटे! अर्धा तास थांबा. बारदान काढून बघू."

ओल्या पेटीत पारा साडेअडतीस होता. मी बारदान ओढून काढलं. सगळे कडुनिंबाखाली जाऊन उभे राहिले. अर्ध्या तासानं मी पत्रूजींनाच वाचायला लावलं. साडेबेचाळीस.

त्यांनी चष्मा वर केला, दोनदा वाकून पाहिलं आणि पालकांकडे वळले. "पाहा बरं. एक वाजता अडतीस, दीड वाजता बेचाळीस. यंत्र आहे का तमाशा? अन् याच्या भरवशावर शाळेचा टाइम बदलाचा म्हणते मॅडम."

आणि माना डोलल्या. घामानं निथळत, रुमालानं मानेवरचं पाणी पुसत, लोकांनी माना डोलावल्या. आपण माणसांना समजावून सांगू शकतो, या समजावर मी बावीस वर्षं खडू झिजवले होते.

सभेत ठराव झाला. पेटी काढायची. शाळेची वेळ आहे ती राहील. शासकीय नोंदीत ढवळाढवळ केल्याबद्दल शिपायाला मेमो. कधी नव्हे ती माझी नोंद त्या दिवशी शासकीय झाली. साक्षीदार म्हणून शाळेच्या कारकुनानं कागद माझ्यापुढे सरकवला आणि मी सही केली. अजून चिडलेली होते. विज्ञानाच्या दृष्टीनं ते रजिस्टर रद्दी झालं होतं आणि कुणाला तरी शिक्षा व्हावी असं मला वाटत होतं. पत्रूजींना होणार नव्हती. मग ज्याला होऊ शकत होती त्याला झाली.

दुसऱ्या दिवशी दोनच्या घंटेला मी वर्गातून बाहेर आले. मैदानात पेटीच्या जागी चार खड्डे होते. फाटकाशी मुलींची रांग लागली होती. बिरजूभाऊ बादली घेऊन उभे होते. त्यांनी बारदानाचे कापून हातभर तुकडे केले होते. एकेक तुकडा बुडवायचा, पिळायचा आणि जाणाऱ्या मुलीच्या डोक्यावर घालायचा. मुली खिदळत होत्या. दीपिकानं तर कानांमागून गाठ मारून घेतली होती.

मी जवळ गेले.

"पेटी तं नेली," बिरजूभाऊ म्हणाले. "बारदान रिकामंच होतं."

नऊ वर्षं मी ऊन मोजलं होतं, या माणसानं त्याच्यावर पाणी मारलं होतं. तेही त्याला माझी भीती वाटत होती म्हणून. कालपर्यंत मला पत्रूजींची किळस होती. आता माझी स्वतःचीच आली.

"बिरजूभाऊ," मी म्हणाले, "आज अडीचची घंटा देऊ नका. आत्ताच सुट्टीची लांब घंटा द्या. पोरी तिकडेच राहू देत. उद्यापासून सातला शाळा."

त्यांनी पिळलेला तुकडा झटकला. "मग सचिवसाहेब इचारन."

"मी सांगितलं म्हणा."

"म्हणीन ना, बाई." ते सावकाश म्हणाले, रागानं नाही. "पण काल बी तुमचीच सही होती. मले दोन पोरी आहेत. दुसरा मेमो भेटला तं घरी बसतो मी."

पुढची मुलगी आली, त्यांनी तिच्या डोक्यावर बारदान घातलं.

आमच्या शाळेची घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा तुकडा. व्हरांड्याबाहेर लोखंडी खांबाला, भर उन्हात टांगलेला. खालच्या कोनाड्यात हातोडा असतो. मी तो उचलला आणि मारत सुटले. लांब घंटा कशी द्यायची, किती ठोके, मला माहीत नव्हतं. हेडमास्तर व्हरांड्यात धावत आले आणि तिथेच उभे राहिले. वर्गांतून पोरं दप्तरं घेऊन बाहेर पडली. रस्त्यावर पोचलेल्या मुली थांबल्या, वळून बघू लागल्या, डोक्यांवर ओली बारदानं.

"येऊ नका!" मी ओरडले. "जेवा अन् तिथंच थांबा! उद्या सातला या!"

दीपिकानं हात वर केला. मुली परत चालू लागल्या.

रूळ अजून झुलत, वाजत होता. तो थांबवायला मी डाव्या हातानं धरला आणि किंचाळून सोडला. तळहात भाजून लालबुंद झाला. या रुळाचे ठोके ऐकून मी नऊ वर्षं पेटीकडे जात होते. त्याला हात लावून पाहायचं कधी सुचलं नव्हतं.

बिरजूभाऊ आले. त्यांनी बादलीतला उरलेला तुकडा माझ्या हाताला गुंडाळला आणि दातांनी ओढून गाठ मारली.

"मले माहीत होतं," ते म्हणाले. "मी तं रोज फडकं घेऊनच धरतो."

हेडमास्तर विचारत होते, मॅडम, हे कुणाच्या परवानगीनं. मी त्यांच्याकडे कागद मागितला. उजवा हात चांगला होता. घंटा मी दिली, बिरजूभाऊंनी नाही, असं लिहिलं. खाली कालच्या साक्षीची माझी सही मी मागे घेते, असंही लिहिलं. मग सही केली.