फुई म्हणजे मी गेले

बेबीच्या बाबांनी जन्मभर लोकांचे बंद पडलेले रेडिओ बोलते केले आणि म्हातारपणी त्यांचीच बोलती बंद झाली. पक्षाघाताने उजवी बाजू गेली, जिभेवर मोजके शब्द राहिले, तेही अडखळत. तेव्हा आत्याने त्यांच्या उशाशी स्टीलचा पेला आणि एक चमचा ठेवून दिला. काही हवं असलं की डाव्या हाताने वाजवायचं. ही युक्ती काढल्याबद्दल आत्या स्वतःवर भलतीच खूश होती. तिला काय, ती संध्याकाळी आपल्या घरी जायची.

राहायची ती बेबी. वयाने चाळिशी ओलांडली, कानामागे केस पांढरे झाले, पण घरात नाव पडलं ते पडलं. एकाच मोठ्या खोलीत मध्ये प्लायवूडची भिंत घातलेली. अलीकडे बाबांची खाट आणि बाहेरचं दार, पलीकडे बेबीचं टेबल, संगणक आणि एक खिडकी, तीही समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या पाइपांवर उघडणारी. बाहेर पडायचं तर बाबांच्या खाटेला वळसा घालूनच जावं लागे, आणि ती चपला पायात सरकवेपर्यंत त्यांची नजर तिच्या पावलांवर असे.

प्लायवूडमागे बसून बेबी स्पॅनिश शिकवायची. विद्यार्थी संगणकाच्या पडद्यावर यायचे आणि एका क्रियापदाशी हमखास गडबडायचे. त्या भाषेत 'जाणे' आणि 'असणे' यांचं भूतकाळातलं रूप एकच. फुई म्हणजे मी गेले, आणि फुई म्हणजे मी होतेसुद्धा. "घाबरायचं नाही," बेबी सांगायची, "पुढचा शब्द बघायचा. पुढे ठिकाण आलं तर गेले. कोण होते, कशी होते, असं आलं तर होते." मग उदाहरणं द्यायची, आणि ती नेहमी स्वतःवरच. फुई आल मार, मी समुद्रावर गेले. फुई आ ला एस्तासिओन, मी स्टेशनवर गेले. भाजी आणि औषधं यापलीकडे कुठे न जाणारी ही बाई उदाहरणांत मात्र सारं जग पालथं घालत होती. आणि ती समुद्रावर पोचते न पोचते तोच पलीकडे पेला वाजायचा.

"टीचर, बाबा पाणी मागतायत," विद्यार्थीच सांगायचे. सगळ्यांना सवय झाली होती.

आज मात्र ही सवय महागात पडणार होती. दूरच्या शहरातल्या एका निवासी शाळेला स्पॅनिशची शिक्षिका हवी होती. राहायला एकटीपुरती खोली, खोलीसमोर मैदान. दुपारी तीन वाजता दोन परीक्षक पडद्यावर विद्यार्थी होऊन बसणार आणि तिचा नमुना पाठ बघणार. पाठासाठी त्यांनी नेमकं हेच क्रियापद दिलं होतं. पाठ पसंत पडला तर सोमवारी हजर व्हायचं. बेबीने हे फक्त आत्याला सांगितलं होतं.

"तू जा," आत्या तेव्हा म्हणाली होती. "मी येऊन राहते इथे. माझ्या घरी तरी माझी कोण वाट बघतंय? दादाला मी सांगेन हळूच. नाहीतर तू बसशील ह्या फळीमागे वाळत."

तीनला आत्या खाटेशेजारी खुर्ची टाकून बसली. बाबांना पाणी पाजलं, पेला पुन्हा काठोकाठ भरून ठेवला. पडद्यावर जाड चष्म्याच्या मुख्याध्यापिका आणि त्यांच्याबरोबर एक दाढीवाले सर आले. बेबीने घसा साफ केला आणि सुरुवात केली.

"फुई आल मार."

पेला वाजला. पलीकडून आत्याचं कुजबुजणं आलं, "दादा, आत्ता तर प्यायलास."

"फुई आ ला एस्तासिओन."

पुन्हा वाजला, जरा जोरात.

"तो आवाज कसला येतोय?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

"शेजारी काम चाललंय," बेबी बोलून गेली, आणि स्वतःच्याच बापाला शेजारचं काम केल्याची तिला मनापासून लाज वाटली. घाईघाईने ती दुसऱ्या अर्थाकडे वळली. फुई तीमिदा, मी लाजाळू होते. फुई बुएना आलुम्ना, मी चांगली विद्यार्थिनी होते. पलीकडे शांतता. बरं झालं, झोपले असतील, असं मनाशी म्हणत ती परत ठिकाणांवर आली. "फुई आल मेर्कादो. मी बाजारात गेले."

पेला असा वाजला की दाढीवाले सर दचकले.

 मागचे सगळे तास बेबीला आठवू लागले. विद्यार्थ्यांच्या वाक्यांत कुणी गावाला गेलं, मैत्रीण सिनेमाला गेली, तेव्हा पेला वाजला नव्हता. वाजायचा तो ती स्वतः गेली की. इतके दिवस ती तहान समजून पाणी पाजत आली होती, आणि माणूसही मुकाट्याने पीत आला होता.

"दोनच मिनिटं," असं पडद्याला सांगून ती उठली.

पेला तसाच भरलेला होता, ठोकून ठोकून थोडं पाणी तेवढं उशालगतच्या टेबलावर सांडलं होतं. "ऐकतच नाही बाई हा," आत्या पदराने टेबल पुसत म्हणाली.

"बाबा, तुम्हाला कळतं मी काय बोलते ते?"

बाबांनी प्लायवूडकडे बघितलं. "जातेस," ते म्हणाले.

"उदाहरणं असतात हो ती. शिकवायला."

"आज... नाही." त्यांनी ओठ जुळवायला वेळ घेतला. "आज आवाज... वेगळा."

आवाजातली खरखर ऐकून रेडिओचा बिघाड सांगणारा माणूस तो. त्याच्यापुढे थापा मारण्यात अर्थ नव्हता. ती खाटेशी वाकली. "नोकरी आहे बाबा. लांब आहे. मला जायचंय. फार जायचंय मला." शेवटचं वाक्य इतकं मोठ्याने निघालं की आत्याने मान खाली घातली.

बाबांनी चमचा मुठीत घट्ट धरला. मग म्हणाले, "नाही... वाजवत."

बेबी परत टेबलाशी आली. आवाज ताब्यात होता. आता वाट मोकळी होती. "फुई आ ला एस्तासिओन," ती म्हणाली.

काहीच वाजलं नाही.

परीक्षकांनी वाक्य पाठोपाठ म्हटलं. ती पुढचं बोलली, त्याच्या पुढचं बोलली. पलीकडून खुर्चीची करकरसुद्धा नाही. प्रत्येक वाक्यानंतर ती थांबू लागली. थांबायची तशी पाठात गरज नव्हती, मुख्याध्यापिकांनी भुवई वर केली तेव्हा तिच्या ते ध्यानात आलं. नकोसा झालेला तो आवाज न आल्यामुळे तिचा जीव टांगणीला लागला होता. घसरले तर नसतील? श्वास अडकला नसेल ना? आत्या तर बसल्या बसल्या झोपते. "फुई..." तिने सुरुवात केली, आणि पुढचं ठिकाण काही केल्या तोंडात येईना.

ती उठली. ह्या वेळी काही सांगितलंसुद्धा नाही.

आत्या खुर्चीत मान टाकून घोरत होती. बाबा टक्क जागे होते. चमचा त्यांनी मुठीत धरला होता, मूठ मांडीखाली दाबून ठेवली होती, आणि ती सुटू नये म्हणून सगळं अंग ताठ केलं होतं. डोळ्यांतून पाणी कानापर्यंत ओघळलं होतं. पुसायला दुसरा हात नव्हता.

"नाही वाजवला," ते म्हणाले.

बेबी खाटेच्या कडेवर बसली. पदराने त्यांचे डोळे पुसले, मूठ हळूहळू सोडवली. तळव्यावर चमच्याचा लालभडक वळ उठला होता. तिने तो चोळत बसायला सुरुवात केली.

प्लायवूडपलीकडून मुख्याध्यापिकांचा आवाज आला. "हॅलो? ऐकू येतंय का?" थोडा वेळ गेला. मग त्या सरांना हलक्या आवाजात म्हणाल्या, "से फुए?"

गेली का. आठवडाभर शिकलेल्या पोरालाही कळावं इतकं सोपं वाक्य.

बाबांनी उशीवरून मान उचलली, प्लायवूडकडे तोंड केलं आणि न अडखळता, खणखणीत आवाजात उत्तर दिलं.

"नो."

आणि तिच्या हातातला हात क्षणभर सोडवून घेऊन त्यांनी चमचा पेल्याशेजारी होता तिथे नीट ठेवून दिला. पलीकडे कुणीतरी पुन्हा हॅलो म्हणालं. बेबी त्यांचा हात पुन्हा घेऊन चोळत राहिली. ती उठली नाही.