हवेचा फोटो

बापूसाहेबांनी खुर्ची डॉक्टरांच्या टेबलाजवळ ओढली.

"मानेत सुई घातल्यावर अंग लुळं पडू शकतं. हो की नाही, एवढंच सांगा."

"क्वचित," डॉ. धारकर म्हणाले. "पण पडू शकतं."

"आणि हवेच्या तपासणीत?"

"त्यात तो धोका नाही. डोकं फार दुखतं, उलट्या होतात."

अकोल्याच्या कोर्टात बापूसाहेबांची उलटतपासणी ऐकायला नवे वकील मुद्दाम येऊन बसत. अमरावतीच्या या दवाखान्यात ऐकायला फक्त त्यांची मुलगी कुंदा होती, आणि पडद्यापलीकडे खाटेवर पत्नी सरोजिनीबाई. आठवड्यापूर्वी पूजेची फुलं तोडता तोडता त्या कोसळल्या होत्या. पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्यात रक्त निघालं. मेंदूत कुठंतरी शीर फुटली होती. कुठं, ते शोधायचं होतं.

मद्रासला शिकून आलेल्या डॉक्टरांनी न चिडता पुन्हा समजावलं. पाठीतून हवा सोडून फोटो काढला, तर मेंदूतल्या पोकळ्या दिसतात. मोठी गाठ असली तर कळते. मानेच्या शिरेत औषध सोडून काढला, तर खुद्द शिरा दिसतात.

"शिरेला फुगा आला असेल तर तो यातच दिसेल. आणि एकदा फुटलेला फुगा पुन्हा फुटतो, बापूसाहेब."

"मानेतली तपासणी तुम्ही इथं किती जणांवर केली?"

"चौघांवर."

"चौघंही चालत घरी गेले?"

"तिघं."

बापूसाहेब मागे रेलले. पडद्याआडून बारीक आवाज आला, "अहो, मानेतूनच करू द्या ना."

"तू बोलू नकोस. त्रास होईल."

सही हवेच्या तपासणीसाठी झाली.

फोटो स्वच्छ निघाला. "यात दिसला नाही म्हणजे फुगा नाहीच, असं नव्हे," डॉक्टर म्हणाले. पण बापूसाहेबांनी तोवर मोटार सांगून ठेवली होती. अकोल्याला पोचताच त्यांनी आळीत पेढे वाटले. डॉक्टर मानेत सुई खुपसायला निघाला होता, आपण कसं अडवलं, हे येईल त्याला रंगवून सांगितलं.

एका सकाळी ते बैठकीत कागदांवर खुणा करत होते. दारात सरोजिनीबाईंपुढं भाजीवाली वच्छला पाटी उतरवून बसली होती.

"बाई, डोये काहून मिटून राहिल्या?"

"काही नाही गं. मेथी कशी दिली?"

"मेथी राहू द्या. तुमी बसा अगुदर."

बापूसाहेबांचं पेन थांबलं. मग सरोजिनीबाई हसल्या, ऊन लागलं म्हणाल्या, आणि पेन पुन्हा चालू लागलं.

त्याच आठवड्यात ताटं वाढताना त्या पडल्या. या वेळी शुद्ध आलीच नाही.

"मधल्या दिवसांत डोकं दुखत होतं?" अमरावतीला डॉक्टरांनी विचारलं.

कुंदानं वडिलांकडं पाहिलं नाही. "रोज. बाबा इतके खुशीत आहेत, त्यांना सांगू नको म्हणाली."

मानेतल्या तपासणीच्या कागदावर जिथं बोट दाखवलं तिथं बापूसाहेबांनी सही केली. काही विचारलं नाही. अंग लुळं पडण्याची भीती आता उरली नव्हती. उजवी बाजू आधीच गेली होती.

डॉक्टरांनी ओली फिल्म दिव्यासमोर धरली. झाडाच्या डहाळ्यांसारख्या शिरा, आणि एका बेचक्यात वाटाण्याएवढा फुगा. ठळक. कुणालाही दिसावा असा.

"ऑपरेशन?"

"त्यासाठी मुंबईला न्यावं लागेल. आता त्या तेवढं सोसणार नाहीत."

बापूसाहेब फिल्मकडं बघत राहिले. "हे त्या दिवशी दिसलं असतं?"

डॉक्टरांनी फिल्म खाली घेतली. तिचं ओघळणारं पाणी रुमालानं टिपलं. "सांगता येत नाही," ते खिडकीकडं पाहत म्हणाले. "बहुतेक नसतं दिसलं."

तीस वर्षं बापूसाहेबांनी साक्षीदारांचे चेहरेच वाचले होते. पुढचा प्रश्न जिभेवर तयार होता. त्यांचे ओठ हललेही. मग ते "बरं" म्हणाले आणि बाहेर आले.

कुंदा आईच्या उशाशी बसली होती. तिनं मान वर केली.

"काय म्हणाले?"

बापूसाहेबांनी बायकोच्या अंगावरची चादर नीट केली.

"आधी केलं असतं, तरी दिसलं नसतं म्हणाले."