हात केला

"भाऊ, आली बघा तुमची फॅन!" कंडक्टर मागून ओरडला आणि ड्रायव्हरने उगाचच कॉलर सारखी केली.

पुढच्या थांब्यावर सहा वर्षांची छकुली आईला चिकटून उभी होती. उजव्या हाताची बोटं फाकवून तोंडासमोर भराभर हलवत होती. ड्रायव्हरनेही एक हात उचलून तिला टाटा केला. बस थांबली तसा तिचा हात खाली आला. लाजली, असं त्याने नेहमीप्रमाणे ठरवून टाकलं.

तीस वर्षांत या माणसाला कुणी हात केला नव्हता. म्हणजे रोज शेकड्याने करत, पण बस थांबवायला. उशीर झाला की त्याच्या नावाने बोटं मोडायची, वेळेवर पोचलं की उतरून चालायला लागायचं. त्यामुळे छकुलीचा टाटा त्याने घरी बायकोला तिखटमीठ लावून सांगितला होता. आभाळ आलेलं असलं की मात्र ती ढुंकूनही बघायची नाही. "आज फॅन रुसली," कंडक्टर म्हणायचा, आणि ड्रायव्हर दिवसभर तोंड पाडून गाडी हाकायचा.

एका सकाळी आईने छकुलीच्या त्या हातावर फाडकन चापट मारली. दोघी चढल्यावर ड्रायव्हरला राहवेना.

"मारता कशाला ताई? पोर मला टाटा करतेय."

"तुम्हाला नाही हो काका!" आई रडवेली झाली. "वर्गात खिडकीपाशी बसली की हेच. हाक मारली तरी ओ देत नाही. बाई म्हणतात, नखरे आहेत. डॉक्टरांपुढे नेलं तर शहाण्यासारखी बसली, ते म्हणाले सवय असेल. आता शाळा म्हणते, दुसरीकडे बघा."

ड्रायव्हरचं तोंड एवढंसं झालं.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरने नीट पाहिलं. छकुलीच्या पापण्या थरथरत होत्या आणि नजर बसच्या टपावरून पलीकडे लागली होती. बस थांबली, तिची सावली छकुलीवर पडली, आणि हात खाली आला. म्हणजे लाजण्याचा काही संबंधच नव्हता. त्याने बाजूच्या आरशात पाहिलं. मागे लखलखीत सूर्य होता.

सांगावं की नाही? आपण काय डॉक्टर थोडेच आहोत, असं त्याने मनाला बजावून पाहिलं. खरं तर तो टाटा हातचा जाणार, हेच त्याच्या जिवावर आलं होतं. पण पोरीचे डोळे अजून कालच्या रडण्याने सुजल्यासारखे वाटले आणि तो गाडीतून खाली उतरला.

"ताई, आभाळ असलं की ही हात हलवत नाही. सावली आली की थांबते. डॉक्टरांच्या खोलीत काय कप्पाळ दिसणार? उन्हात आणून दाखवा म्हणावं."

बस चार मिनिटं उशिरा सुटली. लोकांनी बोटं मोडली.

महिन्याभराने आईने खबर आणली. मेंदूच्या डॉक्टरांनी छकुलीच्या डोक्याला तारा लावून, डोळ्यांपुढे दिवा लुकलुकवून तपासलं होतं. उन्हाने येणाऱ्या फिट्स, अगदी थोड्या मुलांना होतात. हात हलणं हा त्यातलाच भाग, तेवढा वेळ ती भानावर नसते. "नखरे नव्हते हो काका. मी उगाच मारत होते," ती म्हणाली आणि डोळे पुसून हसली.

औषध सुरू झालं. रुंद कडेची टोपी आली, गडद निळ्या काचांचा चष्मा आला. वर्गात खिडकीपासून लांबची जागा मिळाली. हळूहळू हात थांबला. छकुली आता विमान चालवायला निघाल्याच्या ऐटीत बसमध्ये चढायची. ड्रायव्हरला मनापासून आनंद झाला होता. फक्त थांबा दिसला की त्याचा हात अर्धा वर जायचा आणि गुपचूप गिअरवर येऊन बसायचा.

मग एका सकाळी आभाळ गच्च भरून आलं. ऊन औषधालाही नव्हतं. चष्मा कपाळावर सरकवून छकुली थांब्यावर उभी होती आणि तिचा हात वर होता. तोंडासमोर नाही, चांगला डोक्याच्या वर. बस थांबली तरी तो हलतच होता.

"अगं, थांबली की बस! आता कुणाला हात करतेस?" आईने विचारलं.

"काकांना."

दोघी चढल्या. कंडक्टरने घंटी मारली. गाडी हलेना. त्याने पुन्हा मारली.

"भाऊ, चला की!"

"थांब रे जरा," ड्रायव्हर म्हणाला. "मला हात केलाय."