गूतीच्या नावाने

मोत्यांची वाटी कोपराने बाजूला सारून झुलिखाने लॅपटॉप पुढे ओढला आणि एका बोटाने अक्षरे शोधायला सुरुवात केली. घारदायाच्या एका निवृत्त सुईणबाईंचा प्रश्न होता. बाई आपल्या गावच्या जुन्या दवाखान्यावर लेख लिहीत होत्या, आणि भलतेच बटण दाबले गेल्याने अर्धा लेख नाहीसा झाला होता. ‘उस्ताद, सगळी मेहनत पाण्यात गेली. हे काम माझ्यासारखीचं नव्हे. मी सोडते.’

झुलिखाने लिहिले: ‘घाबरू नका. इथे काहीच हरवत नाही. पानाच्या वर “इतिहास” असं लिहिलेलं दिसेल, तिथे जा. कालचा मजकूर जसाच्या तसा सापडेल. चुकलं की उसवायचं आणि पुन्हा शिवायचं. कापड फाटत नाही.’

तिने बटण दाबले. उत्तराखाली सही आपोआप उमटली: गूती.

गूती तिचा धाकटा भाऊ. चेरीच्या दिवसांत तो गेला, आणि आता तिलेम्सानच्या बाजारात डाळिंबे आली होती. शाळेत भूगोल शिकवण्यात त्याची हयात गेली. लग्न केले नाही. झुलिखाचा नवरा वारल्यावर तो पुस्तकांच्या पेट्या घेऊन तिच्याकडे राहायला आला, आणि तेव्हापासून रोज संध्याकाळी याच टेबलावर, ती शिवत असताना, तो ज्ञानकोशात डोके घालून बसायचा. कुणीही लिहावे आणि कुणीही दुरुस्त करावे असा हा इंटरनेटवरचा ज्ञानकोश. तिथे नवा माणूस आला की यंत्र त्याला एक मार्गदर्शक नेमून देते. मार्गदर्शकांच्या यादीत गूतीचे नाव होते. माणूस मेला हे यंत्राला कोण सांगणार? ते आपले नवी माणसे त्याच्या दारात आणून सोडत राहिले.

मयताचा चाळिसावा दिवस झाल्यावर झुलिखाने लॅपटॉप पुसायला म्हणून उघडला, तर आत प्रश्नांचा ढीग. तिने तो तसाच बंदही केला असता. पण एका मुलीने लिहिले होते, ‘उस्ताद, तीनदा विचारलं. तुम्ही माझ्यावर रागावलात का?’ आता याला काय करणार? झुलिखाने अक्षरे शोधून शोधून लिहिले, ‘नाही पोरी, रागावलो नाही. तब्येत बरी नव्हती.’ आणि तिथून ती अडकली ती अडकलीच.

उत्तरे तिला कुठून यायला? ती गूतीची जुनी उत्तरे वाचायची. ती असायची अशी: ‘नियम वाचा.’ ‘संदर्भ कुठे आहे?’ ‘हा लेख नाही, जाहिरात आहे. काढला.’ त्यातले ज्ञान तेवढे ती घ्यायची आणि त्यात आपल्या पदराचे चार शब्द घालायची. आधी धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, लिहून पाहा, मग लेखात न्या, हे त्याचे. पहिल्यांदा सगळ्यांचंच वाकडं येतं, हे तिचे.

दिवसभर नवरीच्या पोशाखावर मोती टाचून तिचे डोळे चुरचुरत असत. त्यात ही माणसे. एकाला प्रसिद्ध व्हायचे होते. एकाच्या काकाच्या गॅरेजवरचा लेख कुणी काढला म्हणून तो हातघाईवर आला होता. काहीजण तर नुसतेच ‘सलाम’ लिहून गप्प बसायचे, जणू पुढचे तिने ओळखावे. कित्येकदा तिला वाटे, उचलावा हा डबा आणि टाकावा विहिरीत. पण घरात गूतीचे नाव आता कुणी घेत नव्हते. शेजारणी जपून बोलायच्या. पेन्शनच्या कचेरीत त्याच्या नावापुढे ‘मयत’ लागले होते. ‘उस्ताद गूती, आहात का?’ असे विचारणारे जगात तेवढे एकच ठिकाण उरले होते, आणि तिथे ‘आहे’ असे म्हणता येत होते. म्हणून ती म्हणत होती.

दुपारची नमाज आटोपून ती पुन्हा शिवायला बसली, तोच दार वाजले. फतही होता. गूतीचा जुना विद्यार्थी, त्याला अजून आदराने ‘सी गूती’ आणि तिला ‘लाल्ला’ म्हणणारा, आता गावात दातांचा डॉक्टर आणि ज्ञानकोशाचा प्रचालक. म्हणजे कुणाचे खाते चालू ठेवायचे नि कुणाचे बंद करायचे, हे ज्यांच्या हातात असते त्यांच्यापैकी एक. चाळिसाव्यानंतर तो इकडे फिरकला नव्हता.

“ये. कॉफी ठेवते.”

“कॉफी नको, लाल्ला. आधी बोलतो. नाहीतर कॉफी पिऊन तसाच परत जाईन. दोनदा कोपऱ्यापर्यंत येऊन मागे फिरलोय.”

“मग बोल की. लोकांची तोंडं उघडतोस दिवसभर, आणि स्वतःचं उघडताना काय होतंय?”

फतही हसला नाही. त्याची नजर टेबलावरच्या लॅपटॉपवर गेली. मग तो खुर्चीच्या टोकावर बसला.

“ते खातं आता बंद करावं लागेल.”

“कुठलं खातं?”

“लाल्ला.”

झुलिखाने दोऱ्याचे टोक ओठात धरून ओले केले, सुईत ओवायला गेली, आणि ते पहिल्या फटक्यात काही गेले नाही.

“कुणी चुगली केली?”

“चुगली कशाला करेल कोण? सगळ्यांना ठाऊक आहे. ओरानच्या मंडळींना, सतीफच्या, ट्युनिसला त्या दोघी बहिणी आहेत त्यांना. पहिल्या दिवसापासून.”

“मी त्याचंच वाचून लिहिते. एक गोष्ट चुकीची सांगितली असेल तर दाखव.”

“चुकीची एकही नाही.” फतहीने कपाळ चोळले. “पण सी गूतींनी नऊ वर्षांत कुणाला ‘घाबरू नका’ म्हटलेलं मला एकदा दाखवा. आम्ही सगळे त्यांना घाबरूनच शिकलो. माझा पहिला लेख त्यांनी काढला तेव्हा मी तीन दिवस जेवलो नव्हतो. आणि हा माणूस गेल्यावर एकाएकी लोकांना पोरी म्हणायला लागला. टाक्यांच्या नि कापडाच्या गोष्टी सांगायला लागला. अहो, त्यांना शर्टाचं बटण लावता येत नव्हतं!”

झुलिखाला हसू आले. ते तिने दाबले.

“मीच लावायचे. आणि लावलं की म्हणायचा, वाकडं लागलंय.”

“तेच तर.”

“मग इतके दिवस सगळे गप्प का बसलात?”

वाटीतला एक मोती उचलून फतहीने बोटांत फिरवला नि परत ठेवला. “एक तर नवी माणसं टिकायला लागली. पूर्वी दहा यायची आणि नऊ त्यांच्याशी भांडून जायची. आणि दुसरं म्हणजे... ते पान रोज हलताना दिसायचं. बरं वाटायचं. दमलोय हो आम्ही सगळेच. चार डोकी उरलीत तिथे, आणि त्यातलं एक गेलं असं मानायला कुणी तयार नव्हतं.”

“मग आजच काय झालं?”

“तुमची ती घारदायाची सुईण. शुक्रवारी मुलीकडे येतेय तिलेम्सानला. उस्तादांना भेटायचंय, त्यांचा हात कपाळाला लावायचाय म्हणते. माझ्याकडे पत्ता मागितला. मी काय सांगू तिला? कबरस्तानचा पत्ता देऊ?”

स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता. झुलिखा उठली, तो घट्ट पिळला, आणि तिथेच पाठमोरी उभी राहिली. बाई खरीच येणार, तिच्यासाठी बदामाचे लाडू करावेत, असा विचार क्षणभर तिच्या मनात येऊन गेला, आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

“बंद कर,” ती म्हणाली. “पण तुझ्या घरी जाऊन कर. माझ्यासमोर नको.”

“तुम्ही स्वतःच्या नावानं या ना. मी उद्याच खातं उघडून देतो. मार्गदर्शक म्हणून—”

“नको रे बाबा. दिवसभर मोती आणि वर ही माणसं. माझे डोळे गेलेत, फतही. मी त्यांच्यासाठी बसत नव्हते.”

त्याने मान हलवली. दारात जाऊन चपला घालताना तो पुन्हा थांबला.

“गेल्याचं जाहीर करताना खरं सांगू का? शेवटचे महिने कोण लिहीत होतं ते?”

“नको. जे काही चांगलं झालं असेल ते त्याच्या नावावर राहू दे. त्याला तेवढंच मिळू दे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने लॅपटॉप उघडला, तेव्हा काम झाले होते. गूतीच्या पानाला काळी चौकट होती, वर प्रार्थनेची ओळ होती, आणि लिहायची जागा कुलूपबंद होती. शेजारी शोकसंदेशांचे वेगळे पान उघडले होते. झुलिखाने कॉफी ओतली, चष्मा पुसला आणि वाचायला बसली.

संदेशांची रीघ लागली होती. जुन्या मंडळींनी चार ठरावीक ओळी लिहून दुआ मागितली होती. बाकी सगळे नवे. ‘मी सोडून चालले होते, उस्तादांनी लिहिलं, पहिल्यांदा सगळ्यांचंच वाकडं येतं.’ ‘मला माझ्या बापाने कधी इतक्या मायेने शिकवलं नाही.’ ‘कापड फाटत नाही, हे मी वर्गात फळ्यावर लिहून ठेवलं आहे.’ सुईणबाईंनी लिहिले होते, ‘माझं नशीब थोडक्यात हुकलं. असा मृदू माणूस मी पाहिला नाही, आणि आता पाहणारही नाही.’

झुलिखाला आधी बरे वाटले. भावाचे कौतुक वाचताना कुठल्या बहिणीला बरे वाटणार नाही? ती मान डोलावत खाली सरकत राहिली. पण दहा-वीस संदेश झाले आणि ती थांबली. हा मृदू उस्ताद कोण? याला तर ती ओळखत नव्हती. रेडिओवर हवामान सांगणाऱ्याशी भांडणारा, हरिऱ्याच्या सुपात मीठ कमी म्हणून वाडगा परत पाठवणारा, तिने लावलेले बटण बोटाने ओढून पाहणारा, तो कुठे होता? इतक्या लोकांनी इतके लिहिले, आणि त्यात त्याचे एक वाक्य नव्हते. मयताला आंघोळ घालतात तसे तिने त्याला रोज थोडे थोडे धुतले होते, आणि धुता धुता तो पुसला गेला होता. आपणच केले हे. कुणाच्या नावाने खडे फोडायचे?

कॉफी निवून गेली. लॅपटॉप मिटायला तिने हात लावला, तेव्हा खाली एक नवा संदेश आला. सैदा शहराकडचा कुणी हबरी म्हणून होता.

‘वरचं सगळं वाचलं,’ त्याने लिहिले होते. ‘तुम्ही कुणा दुसऱ्याच माणसाबद्दल बोलताय. माझा सी गूतींशी संबंध आला तो असा. मी नवा होतो. आमच्या गावच्या गरम पाण्याच्या झऱ्यावर लेख लिहिला. त्यांनी तो एका तासात काढला आणि लिहिलं, “ज्या झऱ्यात फक्त तुम्हीच अंघोळ केली आहे, तो ज्ञानकोशाचा विषय नाही.” मी शिवी दिली. त्यांनी उत्तर दिलं, “याला संदर्भ?” मी निघून गेलो. पुढे काही वर्षांनी एक दिवस त्यांचा निरोप आला. सलाम नाही, दुआ नाही. “तुमच्या झऱ्याबद्दल आता पुस्तकात छापून आलं आहे. पान कळवतो. लेख लिहा. विशेषणं घालू नका.” म्हणजे हा माणूस इतकी वर्षं माझा झरा शोधत होता. मी रागाने लिहिला नाही. काल ते गेल्याचं कळलं. आज बसून लिहिला आहे. विशेषणं मुद्दाम घातली आहेत. आता काढा म्हणावं. अल्लाह त्या खवीस माणसावर दया करो.’

झुलिखाने तो संदेश पुन्हा वाचला. मग त्याने दिलेल्या दुव्यावरून लेखात गेली. ‘जगप्रसिद्ध’ झरा. ‘अमृततुल्य’ पाणी. ‘नयनरम्य’ परिसर, ‘अतिशय प्रेमळ’ ग्रामस्थ. आणि टेबलापलीकडच्या खुर्चीतून गूती नाकाने ‘हं’ करतो ते तिला इतके स्वच्छ ऐकू आले की तिने वर पाहिले. खुर्चीत नवरीचा पोशाख घडी घालून ठेवलेला होता.

ती हसली, आधी बेताने, मग एकटीच मोठमोठ्याने. आणि हसता हसताच तिला रडू फुटले. मयताचा दिवस पाहुण्यांना चहा देण्यात गेला होता, चाळिसावा भांडी घासण्यात. आज समोर कुणी नव्हते. ती टेबलावर डोके टेकून पोटभर रडली. मग तोंड धुतले आणि फतहीला फोन लावला.

“लाल्ला? खुर्चीत पेशंट आहे. काय झालं?”

“त्या सैदाच्या माणसाचा झऱ्यावरचा लेख बघ. विशेषणं काढून टाक.”

“कुठली?”

“सगळी.”

“बरं. दुपारी करतो. त्याला समजावून लिहितो की—”

“काही समजावू नकोस,” झुलिखा म्हणाली. “गोड तर काहीच लिहू नकोस. ‘विशेषणं काढली’, एवढंच लिही. सलामसुद्धा नको.”