डेट्रॉईटचा भाव

मऊ सुती कापडाच्या तीन कुंच्या शिवून झालेल्या. चौथीला नाडी लावायची राहिलेली.

हरिपूरला हळदीचं पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नसतं. जमिनीखालची कोंडलेली हवा निघून जाईपर्यंत काठावर बसून राहायचं.

दोन विमान कंपन्यांचं मिळून एकच रंगीत पत्रक. डावीकडे एकीचं विमान, उजवीकडे दुसरीचं.

मार्केट यार्डातल्या चिंतामण आणि बिराप्पाची भागीदारी मोडली, तेव्हा दोघांनी समोरासमोर दुकानं थाटली.

"विमानात दिवस मावळतो कवा, हे कोण सांगणार?"

हा प्रश्न कस्तुरीचा. दिवस मावळल्यावर ती तोंडात काही घालत नसे, आणि पन्नाशीला टेकल्यावर आता पहिल्यांदा विमानात बसणार होती. मुलगी प्रियदर्शनी डेट्रॉईटला. डिसेंबरअखेर तिचं पहिलं बाळंतपण. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पोरीला येता येत नाही, तर माहेरानं उठून तिकडं जायचं. त्यात चर्चा करण्यासारखं काहीच नव्हतं. व्हिसासुद्धा मिळाला होता. राहिलं होतं तिकीट, आणि तिकीट काढणं रामगोंडाकडे होतं.

रामगोंडा म्हणजे तिचा नवरा, सांगलीतला हळदीचा व्यापारी. त्याचा सगळा धंदा थांबण्यावर उभा होता. भाव चढणार असं वाटलं की माल पेवात ठेवून निवांत बसायचा. उतरणार असं वाटलं की खरेदी लांबवायचा. बहुतेक वेळा त्याचंच खरं व्हायचं. म्हणून तो थांबला की घरात कुणी त्याला घाई करत नसे.

त्या श्रावणात, म्हणजे शहाण्णव सालच्या, त्याचा पुतण्या अरिहंत मुद्दाम घरी आला. गणपती पेठेत त्याचं तिकिटांचं ऑफिस होतं.

"आण्णा, काकूंचं तिकीट आत्ताच काढूया. त्या पत्रकातल्या दोन विमान कंपन्यांचं ऑक्टोबरात मोडतंय. आधी काढलेली तिकिटं तेवढी पाळणार हायत."

रामगोंडा सावरून बसला. "मोडतंय? मग तर थांबायचं!"

"आवं आण्णा..."

"आयक. चिंतामण अन् बिराप्पा एकत्र हुते, तवा शेतकऱ्याला काय भाव मिळायचा? मोडल्यावर एकमेकाच्या उरावर बसून बोली लावली गड्यांनी. फायदा कुणाचा झाला? आता ह्या दोघी भांडतील. गिऱ्हाईक आपण."

"तसं हुईलबी. पण न्हाई झालं तर?"

"तू तिकिटं इकतोस रं. बाजार मी बघतोय."

अरिहंत हसला. काकांपुढे फार बोलायची रीत नव्हती. आतून कस्तुरी म्हणाली, "आवं, पोरगं सांगतंय तर टाका की काढून."

"तू बाळंतिणीच्या लाडवांचं बघ."

सप्टेंबर. भाव तोच. रामगोंडाला बरं वाटलं. पडायच्या आधी भाव असाच निपचित असतो, हा त्याचा अनुभव.

ऑक्टोबर. अरिहंतचे दोन निरोप. दोन्हींना उत्तर एकच: बघू.

दिवाळी.

दिवाळी झाल्यावर तो स्वतः गणपती पेठेत गेला. अरिहंतनं त्याला खुर्ची दिली, पंखा लावला, आणि नेहमीसारखी थट्टा केली नाही.

"भाव दीडपट झालाय, आण्णा."

"दोघींचाबी?"

"दोघी कुठल्या? एकीचं विमान मुंबईहून युरोपात जातंय. दुसरीचं युरोपातनं अमेरिकेत. मुंबईपासनं पार डेट्रॉईटपतूर दोघींपैकी एकीचंबी जात न्हाई."

रामगोंडाला उमजेना. अरिहंतनं टेबलावर बोट टेकवलं. "ही सांगली. हितनं कराडपतूर एकाची गाडी. कराडहून साताऱ्याला दुसऱ्याची. दोघं मिळून एक तिकीट देत हुते, म्हणून सांगली-साताऱ्याला थेट गाडी सोडणारा तिसरा दबून हुता. आता ह्यांचं फाटलं. साताऱ्याला जायला उरला कोण?"

"तिसरा," रामगोंडा म्हणाला.

"एकटाच. मग तो कशाला कमी करंल?"

चिंतामण आणि बिराप्पा एकच माल घेत होते, एकाच यार्डात. हे तसं नव्हतंच. इतकी वर्षं बाजारात काढून एवढं साधं आपल्याला दिसलं नाही. रामगोंडाने पंख्याकडे पाहिलं, मग म्हणाला, "बरं. दीडपट तर दीडपट. काढ."

"जागा न्हाई. नाताळची गर्दी. सगळी त्याच एका विमानावर पडलीया. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यातलं मिळंल."

एक वाट होती. दोन वेगवेगळी तिकिटं काढायची. मध्ये युरोपात सामान उतरवून घ्यायचं, बाहेर पडायचं, दुसऱ्या कंपनीच्या खिडकीवर जाऊन पुन्हा द्यायचं. विमान चुकलं तर कुणाची जबाबदारी नाही. घरी आल्यावर रामगोंडाने हे सांगितलं, तेव्हा कस्तुरी चटकन म्हणाली, "जाईन की. इचारत इचारत जाईन."

"कुणाला इचारशील? मराठीत?"

"बाईमाणूस असंलच की कुणीतरी तिथं. पोटुशी पोरगी म्हटलं की कळतंय सगळ्यांस्नी."

"न्हाई. एवढ्या लांब, एकटी. न्हाई म्हटलं ना."

कस्तुरीनं लाडवांचा डबा सुटकेसमधून काढून फडताळात ठेवला. दुसऱ्या दिवशी रामगोंडाला चहाबरोबर त्यातलाच एक लाडू मिळाला. त्याने तो खाल्लाही.

डिसेंबरच्या शेवटी फोन आला. मुलगी झाली होती. प्रियदर्शनी दीड दिवस अडली होती. जावई बर्फात अडकून उशिरा पोचला, तोवर खोलीत ती आणि एक नर्स. आता दोघी सुखरूप होत्या. कस्तुरीने फोनवर सगळं नीट विचारून घेतलं: दूध येतंय का, टाके दुखतात का, अंगाला तेल कोण लावतंय. मग जानेवारीच्या तिकिटाचा विषय काढला. पलीकडून प्रियदर्शनी म्हणाली, "राहू दे आई. तोवर मीच शिकले असेन सगळं."

रामगोंडा शेजारीच उभा होता. फोन त्याच्याकडे आला तेव्हा त्याला विचारायला एकच सुचलं, "थंडी लय हाय का गं तिकडं?"

"आहे, आण्णा."

दोन वर्षांनी एका नव्या कंपनीनं त्याच वाटेवर विमान सुरू केलं आणि भाव पडला. चांगला पडला. यार्डात कुणीतरी ते पेपरात वाचून त्याला सांगितलं, "तुमी म्हणत हुता तसंच झालं बगा." रामगोंडाने मान हलवली आणि समोरच्या पोत्यातली हळकुंडं उगीच मूठभर उचलून पुन्हा आत टाकली. कस्तुरीच्या पासपोर्टवर व्हिसाखेरीज तोवर एकही शिक्का उमटला नव्हता. ती जायचं म्हणत नव्हती, आणि चल म्हणायचं तोंड त्याला उरलं नव्हतं.

एकोणसत्तर साली मिरजेच्या दवाखान्यात प्रियदर्शनी जन्मली, तेव्हा कस्तुरीला माहेरी जाता आलं नव्हतं, म्हणून तिची आई शेडबाळहून पॅसेंजर गाडीने एकटी आली होती. ती दोन दिवस आधी पोचली होती.