पाण्याखालची लाट आणि चौकातला बोर्ड

आमच्या घरात सासऱ्यापासनं सगळी पलटणीतली. लेक वीरधवल नेव्हीत गेला तवा आमच्या मालकांचं, सुभेदारसाहेबांचं, तोंड कितीतरी दिवस वाकडं. पण पाणबुडीसाठी त्याची निवड झाली म्हटल्यावर कोण आनंद! पोराच्या मनात काय हाय, इचारलंसुदिक न्हाई. रहिमतपूरच्या चौकात ह्यांनी ह्यो मोठा अभिनंदनाचा बोर्ड लावला. त्यात पोरापेक्षा ह्यांचाच फोटो मोठा!

लेक अंकिता हैदराबादला उपग्रहानं काढलेली समुद्राची चित्रं तपासती. सुट्टीला आली तवा मी शेंगा फोडत हुते, तर लॅपटॉप घेऊन शेजारी बसली. अंदमानकडचा समुद्र. करड्या पाण्यावर वाकड्या रेघा, एकीमागं एक.

"ह्या काय गं, जहाजांच्या वाटा?"

"न्हाई आई, लाटा हायत्या. पाण्याच्या आत. वर कोमट पाणी, खाली गार आणि जड. त्यांच्या मधनं लाट चालती. वरनं समुद्र गप्प. पाणी जरा खरबरीत हुतं, तेवढंच उपग्रहाला दिसतं."

"केवढी असती?"

"साखर कारखान्याच्या धुराड्याएवढी."

"आणि पाणबुडी मधी घावली तर?"

"खाली ओढली जाऊ शकती. पण त्यांना सगळं शिकवत्यात. म्हणून तर आमी ह्या लाटा शोधतो." मग मान खाली घालून म्हणाली, "दादानं ह्याच लाटांचं इचारायला फोन केलता. भ्या वाटतंय म्हणाला. पाणबुडीत जायाची जबरदस्ती नसती, अजून नाव मागं घेता येतंय. पण चौकात बोर्ड लागलाय न्हवं, म्हणाला."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. इळा उचलला आणि तडक चौक गाठला. उसाचं ट्रॅक्टरवालं थांबून बघाय लागलं. बघंनात का! मी दोऱ्या कापाय लागले. मालक पळत आलं.

"आगं, येड लागलं का? लोक काय म्हणतील?"

"लोकांच्या पोटचा हाय का त्यो? सरका तिकडं!"

बोर्ड खाली आला, तशी तिथनंच वीरधवलला फोन लावला. "बोर्ड काढला रं बाळा. तुझं आबा काय बोलायचं न्हाईत, मी हाय. तू बिनघोर नाव मागं घे."



"आई, भ्या वाटतंय, खोटं कशाला बोलू? पण बोर्ड हुता तवर माझं मलाच कळत नव्हतं. आबांसाठी जातोय असंच वाटायचं. आत्ता कळलं. मला जायाचंच हाय."

फोन ठेवला. बोर्डाची गुंडाळी काखेत धरून मालक उभं. "काय म्हणाला गं?"

"जायाचंच हाय म्हणतोय, सवताच्या मनानं." इतका वेळ शिव्या घालायला नवरा तरी हुता. आता कुणाला घालू? भर चौकात खाली बसले आणि त्यांचाच हात धरून ढसाढसा रडले.